परीक्षकाचं 'कदाचित'

दिल्लीच्या आर. के. पुरममधले आमचे शेजारी, एक निवृत्त प्राध्यापक, हिवाळ्यात बागेतल्या बाकावर डोळे मिटून ऊन खात बसतात. परीक्षकांच्या गुळगुळीत इंग्रजीचा अर्थ विचारायला पीएचडीची मुलं तिथंच येतात. विद्वान माणसं सरळ 'नाही' म्हणत नाहीत ना!

परवा माझ्या मुलीनं तिच्या प्रबंधावरचा अहवाल त्यांना वाचून दाखवला. "तिसऱ्या प्रकरणावर अधिक चिंतन कदाचित उपयुक्त ठरेल, असं लिहिलंय. काका, म्हणजे पुन्हा लिहू?"

"तुला ते प्रकरण कसं वाटतं?"

"बिल्कुल कच्चं आहे, काका."

"चलो, मग तोच अर्थ."

अहवाल बाकावरच विसरून ती लिहायला घरी गेली. काकांनी तो उघडून तोंडावर घेतला. त्या भारदस्त इंग्रजीच्या सावलीत त्यांना छान झोप लागली.