फोटोसकट भाव

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांकडे वस्तूंपेक्षा किस्सेच जास्त साठतात. वस्तू निदान विकता येतात. किस्से पोटात राहतात आणि वय झालं की उसळून वर येतात.

मी एसटीत बुकिंग क्लार्क होतो. लातूरला दर रविवारी आम्हा छंदवाल्यांची बैठक भरायची, एका चहाच्या हॉटेलच्या मागच्या खोलीत. आधी पोस्टाची तिकिटं, मग निजामाची नाणी, आणि एका वर्षी कुठून तरी जुन्या पासपोर्टांचं खूळ शिरलं. तिथून पुढचं सांगताना माझा आवाज चढतो, हे आधीच सांगून ठेवतो.

*

पासपोर्टचा भाव ठरवायचे आमचे वकीलसाहेब. कोर्टात त्यांचं कुणी फारसं ऐकत नसे, त्याची सगळी कसर ते आमच्यावर काढायचे. नियमही त्यांचेच. शिक्के जास्त तितका भाव जास्त. सहीऐवजी अंगठा असेल तर दोनशे वाढवा, कारण तसा पीस कमी येतो. आणि फोटो शाबूत पाहिजे. फोटो निघाला की पासपोर्ट रद्दी.

एकदा हजला जाऊन आलेल्या एका म्हातारीचा पासपोर्ट आला. मी आपलं सहज म्हणालो, बिचारी हयात असेल का हो? भिंगातून डोळा न काढता वकीलसाहेब म्हणाले, "नसली तर बरं. मालक मागायला येत नाही."

म्हातारी कोण, कुठली, कशी पैसे साठवून गेली असेल, याचं काही नाही. आणि मी? चहा आला होता, तो प्यायलो.

*

नांदेडला बासितभाईंचं जुन्या सामानाचं दुकान होतं. माणूस भला. तिथल्या एका ट्रॅव्हल एजंटानं एका रात्रीत गाशा गुंडाळला, आणि घरमालकानं भाड्यापोटी त्याचं लोखंडी कपाट बासितभाईंना विकलं. आत चाळीसेक पासपोर्ट निघाले! गल्फला जाणाऱ्या गोरगरिबांनी रिन्यूअलला दिलेले. काही तर त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधीपासून त्या कपाटात पडून होते.

बासितभाईंना सुचेना की यांचं करायचं काय. त्यांना आमच्या बैठकीचा पत्ता देणारा शहाणा मीच. एसटीचा पास होता, म्हणून पिशवी मांडीवर घेऊन लातूरला आणून वकीलसाहेबांच्या हवाली करणाराही मीच. दुसऱ्यांवर चिडताना हे मी विसरत नाही.

महिन्याभरात हदगावचा एक टेलर आपला पासपोर्ट शोधत बासितभाईंकडे पोचला. ते स्वतः त्याला घेऊन बैठकीला आले. वकीलसाहेबांनी त्याच्या पासपोर्टवर तोवर चिठ्ठी लावली होती: 'कोपरा न कापलेला (म्हणजे रद्द न झालेला), दुर्मिळ, आठशे.'

टेलर म्हणाला, "साहेब, आतला फोटो कुणाचा हाय, बघा की."

वकीलसाहेबांनी फोटो पाहिला, त्याचं तोंड पाहिलं, परत फोटो पाहिला. "हो, तुमचाच आहे," ते म्हणाले. "म्हणून सातशे."

बासितभाईंनी टेबलावरून पासपोर्ट उचलला, टेलरच्या खिशात घातला आणि त्याला बाहेर चहाला घेऊन गेले. त्यांनी बाजार बिघडवला म्हणून वकीलसाहेब पुढं महिनाभर कुरकुरत होते.

*

आता शहनाजचं सांगतो. आमच्या गल्लीत ती क्लासच्या पोरांना डबे करून द्यायची. बायको मुलाकडे गेली की माझाही डबा तिच्याकडूनच यायचा. वय बावीस-तेवीस. तिचं गाव औशाच्या पुढं. भूकंप झाला तेव्हा आठ-नऊ वर्षांची; त्या रात्री ती मुरुडला खालाकडे, म्हणजे मावशीकडे होती म्हणून वाचली. आई, वडील, घर, काही उरलं नाही. वडील गवंडी होते, मस्कतला राहून आलेले.

एकदा डबा घेताना त्या एजंटाचा विषय निघाला. त्याचं नाव ऐकलं आणि तिच्या हातातला चमचा थांबला. वडिलांनी पासपोर्ट त्याच्याकडेच दिला होता. तिच्याकडे वडिलांचा एकही फोटो नव्हता. आठवून आठवून चेहरा पुसट झालाय, म्हणाली. "चाचा, नाक ध्यानात हाय, डोळे येत न्हाईत."

रविवारी तिला बैठकीला घेऊन गेलो, आणि गठ्ठ्यात तो पासपोर्ट निघाला. पंचविशीतला माणूस, केस चापून बसवलेले. वकीलसाहेबांनी पत्त्यातलं गाव बघून कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: 'भूकंपात मयत'. आणि त्याखाली भाव वाढवून दीड हजार. माणूस मेला त्याचे पाचशे जास्त!

शहनाज हात जोडून म्हणाली, पुस्तक तुम्हालाच राहू द्या, मला नुसता फोटो द्या. फोटो काढला की पीस रद्दी, असं वकीलसाहेबांचं उत्तर आलं. मी म्हटलं, स्टुडिओत नेऊन कॉपी काढून आणतो. तर बाहेर न्यायला पाच हजार डिपॉझिट! शेवटी त्यांनी मोठ्या मनानं झेरॉक्स दिली. तिच्यात त्या माणसाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग आले होते. तरी तिनं ती घडी करून घेतली.

ती गेल्यावर मी तावातावानं म्हणालो, आपणच काढून देऊ फोटो. वकीलसाहेब गंभीर झाले. "पासपोर्ट सरकारची मालमत्ता असते. त्यातला फोटो काढणं गुन्हा आहे."

"आणि विकणं?" मी विचारलं.

त्यांनी चहा मागवला.

*

दीड हजार जमवायला शहनाजनं दोन महिन्यांची मुदत मागितली. मी अर्धे घालणार होतो. तेवढ्यात वकीलसाहेबांनी पासपोर्ट दोन हजाराला विकून टाकला. घेणारे आमच्या बैठकीतलेच, केमिस्ट्रीचे सर.

तेव्हा लातुरात क्लासचं पीक आलं होतं. गच्चीवर क्लास, जिन्याखाली क्लास. सरांनी नवीन हॉल घेतला होता, पण भिंतीवर लावायला टॉपर नव्हते. म्हणून त्यांनी तरुण चेहऱ्यांचे सहा पासपोर्ट निवडले, फोटोची पानं उघडी ठेवून फ्रेम केले आणि वर बोर्ड लावला: 'आमचे विद्यार्थी, आज परदेशात'. ज्यांनी क्लासमध्ये कधी पायही ठेवला नाही, ते विद्यार्थी! आणि शहनाजचे वडील पहिल्या रांगेत.

माझ्यादेखत माहूरच्या एका पालकानं त्याच फोटोवर बोट ठेवून विचारलं, हे पोरगं कुठं लागलं?

"मस्कतला," सर म्हणाले.

"तिथं मेडिकल चांगलं हाय का?"

"कन्स्ट्रक्शन जास्त चांगलं आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी फॉर्म पुढं सरकवला.

पालक निघून गेल्यावर मी सरांना खरं काय ते सांगितलं. मुलीला बापाचा तोंडवळा आठवत नाही, हेही सांगितलं. सरांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ॲडमिशनचा सीझन चालू होता. सीझन संपला की बघू, म्हणाले. नाहीतर भिंत मोकळी दिसेल!

*

हे शहनाजला सांगायचा धीर मला चार दिवस झाला नाही. सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबे वाटून ती थेट क्लासवर गेली. मला राहवलं नाही, मीही मागोमाग गेलो.

हॉल पालकांनी गच्च भरला होता. कुणी उदगीरचं, कुणी देगलूरचं, मांडीवर मार्कशीटची पिशवी. मला वाटलं ही आता आरडाओरडा करणार. मी तर मनातल्या मनात बाह्या सरसावल्या होत्या. पण ती गुपचूप रांगेत उभी राहिली. तासभर उभी होती. मधूनमधून भिंतीकडे बघायची, आणि रांग सरकली की पुढं सरकायची.

नंबर आला. सरांनी मान वर न करता फॉर्म काढला. "विद्यार्थ्याचं नाव?"

"ॲडमिशन न्हाई, सर. नाव काढायचंय."

"कोणाचं?"

तिनं भिंतीवरच्या पहिल्या रांगेतल्या फ्रेमकडे बोट केलं. सरांनी मान वर केली. मागचे सगळे पालक तिकडे बघू लागले.

"त्यांचं. घरी न्यायला आलेय," शहनाज म्हणाली आणि तिनं सरांच्या टेबलावरचा पेन उचलला. "पालक म्हणून सही मी करते."