आवाज मागून आणणारं कार्ड

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बारामतीत माझं लग्नपत्रिका, बिलबुकं टाइप करून देण्याचं छोटं दुकान होतं. तिथल्या कम्प्युटरच्या आत बसवायचं एक कार्ड मी पुण्याहून आणलं. त्यानं कम्प्युटरवर टीव्ही दिसतो आणि व्हीसीआर जोडला की कॅसेटमधलं सगळं कम्प्युटरात साठतं, असं खोक्यावर छापलेलं. नातेवाइकांत मी त्याची भरपूर जाहिरात केली आणि तिथंच फसलो.

वरकुट्याहून आत्या एसटीनं आली. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली व्हिडिओ कॅसेट होती, माझ्या बहिणीच्या लग्नाची. त्या लग्नात बुद्धवंदना मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी घेतली होती. मामा आदल्या पावसाळ्यात गेले. त्यांचा आवाज तेवढा त्या कॅसेटमध्येच उरला होता.

"कॅसेटला बुरशी धरायला लागलीय. तुझ्या मशिनीत घालून ठिव," आत्या म्हणाली.

मी भाड्यानं व्हीसीआर आणला, वायरी जोडल्या. मांडव दिसला, मामा उभे राहिलेले दिसले, आणि कम्प्युटर जागीच थिजला. बंद करून पुन्हा सुरू केला. या वेळी चित्र आलं ते धक्के खात. पुढच्या खेपेला डिस्क भरली, म्हणून मी माझीच जुनी कामं पुसून जागा केली. मग लाइट गेली. ती आल्यावर एकदाचं रेकॉर्डिंग पुरं झालं. मी आत्याला खुर्ची पुढं ओढून दिली.

पडद्यावर मामांनी हात जोडले, ओठ हलले, मिटले. त्यानंतर आवाज आला.

आत्या पडद्याकडं बघतच राहिली. "आरं, तोंड मिटल्यावर बोलत्यात की हे!"

मला हसू आलं नाही. पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "तुमचा कम्प्युटर कमी पडतोय, नवा घ्या." मी फोन आपटला. संध्याकाळपर्यंत सेटिंगं बदलत बसलो. आवाज कधी मागं राही, कधी पुढं पळे. मामांचा एक स्थिर फोटो तेवढा निघाला, तोही आडव्या रेघांनी फाटल्यासारखा.

"फोटू हायेत घरात," आत्या हळूच म्हणाली. "मला त्यांचा आवाज पायजे."

आवाजच हवा, तर कार्ड कशाला? चिडूनच मी व्हीसीआरची आवाजाची वायर उपसली आणि दुकानातल्या टेपरेकॉर्डरला जोडली. पहिल्याच खेपेला मामांचा आवाज साध्या कॅसेटवर स्वच्छ उतरला. आत्यानं डोळ्यांना पदर लावला. "झालं की रं! उगा तरास करून घितलास."

तिला एसटीत बसवून परत आलो, तरी माझा राग उतरला नव्हता. पुढं त्या कार्डावर मी मॅची बघायचो. पडद्यावर नुसत्या मुंग्या. चेंडू कुठं गेला ते शेजारच्या चहावाल्याच्या रेडिओवरून कळायचं.