मुद्देमालातला आवाज

नोकरीतले कितीतरी गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका पेन ड्राइव्हची ती घटना मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते.

मी तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. बोंडअळीला दाद न देणारा बीटी कापूस येऊन काही वर्षं झाली होती. पेरणीआधी बियाण्याच्या पाकिटांसाठी दुकानांपुढे रांगा लागत. त्या हंगामात चार-पाच गावांतून एकच तक्रार आली. पाकीट बीटीचं, पण अर्धं बी उगवलंच नाही, आणि जे उगवलं ते बोंडअळीनं खाल्लं. कृषी अधिकाऱ्यांच्या फिर्यादीवरून फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. संशय एका बियाणे विक्रेत्यावर होता. गोदामाची झडती घेतली तर ते झाडूनपुसून लख्ख.

"लोकायनं कोरड्यात पेरलं, त्याले मी काय करू?" एवढंच तो म्हणे.

पंधरा दिवसांनी संग्रामपूरच्या बाजारात एका हमालानं आमच्या हवालदाराला बाजूला घेतलं. "तो लग्नाची शूटिंग करणारा वारला ना, त्याच्या कॅमेऱ्यात सारं हाय. बियाणंवाल्या सेठच्या पोरीच्या लग्नात मांडवामागं गोदाम उघडं व्हतं. आमी पाकिटं भरून राह्यलो व्हतो. त्याची पेन ड्राइव्ह बायकोपाशी असन."

शूटिंगवाल्यानं स्वतःच्या तीन एकरांतही तेच बी पेरलं होतं. पीक बुडाल्यावर त्याला आपण काय टिपलं याचा अर्थ लागला. तक्रार द्यायची असं तो या हमालाशी बोललाही होता, पण त्याआधीच काविळीनं गेला.

त्याची बायको तिशीची असेल. ब्लाउज शिवून घर चालवत होती. शिलाई मशीनच्या खणातून तिनं पेन ड्राइव्ह काढला, पण हातात देईना.

"चालत नाही साहेब. कॉम्प्युटरवाल्याकडं नेली व्हती. तो म्हणे, फॉरमॅट माराव लागन. म्या म्हटलं, मंग आतलं? तर म्हणे, आतलं जाईन. म्या हिसकून घेतली."

"गोदामाचं शूटिंग आहे त्यात?"

"ते मले नाही मालूम. त्यायचा आवाज हाय. साऱ्या तालुक्याची शूटिंग केली त्यायनं, पण त्यायचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही."

पंचांसमक्ष जप्ती केली. ठाण्यात पेन ड्राइव्ह लावला, तर स्क्रीनवर तोच प्रश्न आला: फॉरमॅट करायचं का? आमच्या रायटरचं, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिकाचं, बोट सवयीनं 'होय'कडे गेलं. मी त्याचा हात धरला. पुढची जागा, मागची जागा, दुसरं मशीन, सगळीकडे लावून पाहिलं. क्षणभर दिसे, पुन्हा गायब होई. शेवटी आयटीआयच्या संगणक शिक्षकांना बोलावलं. त्यांनी भिंगातून पाहिलं. तोंडाशी सोल्डरिंगचा डाग उखडला होता, आणि चालू असताना ओढून काढल्यानं आतल्या फायलींची यादी बिघडली होती.

"फायली असतील अजून," ते म्हणाले. "फक्त यादी हरवली आहे. संगणक काहीही विचारो, हो म्हणू नका आणि यावर नवीन काही टाकू नका. डाग लावतो, आधी जशीच्या तशी नक्कल उतरवू आणि शोध नकलेत घेऊ."

त्याला दोन दिवस लागणार होते. तेवढ्यात मी विक्रेत्याला चौकशीला बोलावलं. मी एवढंच म्हणालो, "शूटिंगवाल्याचा पेन ड्राइव्ह मिळाला आहे."

तो हसला. "त्यातून काय निघन साहेब? ते तर फॉरमॅट मागून राह्यलं."

मी लिहिणं थांबवलं. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. माझा अनुभव आहे, माणूस केलेलं काम नीट लपवतो, पण त्यापायी कानावर आलेली बारीकशी गोष्ट लपवायची राहून जाते. तासाभरात कॉम्प्युटरवाला समोर उभा होता. शूटिंगवाल्याची बायको आली तर सगळं पुसून टाक, असं विक्रेत्यानं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

नकलेतून चार चित्रफिती निघाल्या. तीन फितींत गोदाम होतं. सुटं बी, नव्या पाकिटांचे गठ्ठे, आणि तोंड बंद करायच्या यंत्राशी खुद्द विक्रेता. ते पाहिल्यावर त्यानं मान खाली घातली.

चौथी फीत मिनिटभराची होती. मी शूटिंगवाल्याच्या बायकोला बोलावून घेतलं. चित्रात तीच होती, पऱ्हाटीत कापूस वेचताना. नवरा कॅमेऱ्यामागे होता. "हॅलो, हॅलो. आवाज येते का वं? काऊन हासून राह्यली? या साली तुले रेल्वेत बसवतो. मलकापुराहून बसू. खिडकीपाशी तू बस, मी उभा राह्यतो." मग तिचं हसणं, आणि फीत संपली.

ती म्हणाली, "एक नक्कल देता का साहेब?"

"मुद्देमाल आहे ताई. निकाल लागला की मूळच मिळेल."

त्या फितीचा गुन्ह्याशी काही संबंध नव्हता. पण नक्कल बाहेर गेली तर बचावाचा वकील पुराव्यात ढवळाढवळ झाली म्हणेल, ही भीती मला होती. तीन फितींची सीडी दोषारोपपत्राला जोडली, पेन ड्राइव्ह सीलबंद झाला, माझी बदली झाली. खटला वर्षानुवर्षं चालला. विक्रेत्याला शिक्षा झाली.

मी निवृत्त होऊन बुलढाण्यात राहू लागलो होतो. एका दुपारी ती दारात आली. केस पांढरे झाले होते. कोर्टानं परत केलेला पेन ड्राइव्ह हातात होता. तीन दुकानांत नेला, उघडला नाही. मी तिला घेऊन त्याच शिक्षकांकडे गेलो. त्यांनी दिवसभर खटपट केली. मग चष्मा काढून म्हणाले, "इतकी वर्षं एकदाही लावला नाही, मुद्देमालाच्या खोलीत तापल्या पत्र्याखाली पडून राहिला. आतलं विरून गेलं." नक्कल ज्यावर उतरवली होती, तो ठाण्यातला संगणकही कधीच भंगारात गेला होता.

परत आल्यावर ती माझ्या ओसरीवर बसली. "साहेब, तुमी ऐकलं व्हतं ना? त्या दिवशी म्या आवाजच ऐकत राह्यले. बोल ध्यानात नाही राह्यले. काय म्हटलं व्हतं त्यायनं?"

पंचनाम्यासाठी मी ती फीत चार वेळा ऐकली होती. जमेल तसं सांगितलं, "हॅलो, हॅलो. आवाज येतो का ग?" इथपासून.

"'ग' नाही," ती म्हणाली. "ते 'वं' म्हणत मले."

मी सुधारून सांगितलं. "अजून एकदा," ती म्हणाली. तिसऱ्या खेपेला माझ्या आधी तिचेच ओठ हलू लागले, तेव्हा मी थांबलो.

नियमानं पाहिलं तर माझं काही चुकलं नव्हतं. पण पुरावा सांभाळताना तो आणखी कोणासाठी काय आहे, हे पोलिसानं विचारावं, एवढं या गुन्ह्यानं मला शिकवलं. एका फितीची नक्कल तिला द्यावी म्हणून मी कोर्टाकडे परवानगी मागू शकलो असतो. अर्ज अर्ध्या पानाचा झाला असता.