चामराजपेटेत मिळालेला क्लॅम्प

मी लिहावं एवढा माझा अधिकार नाही, म्हणून आधीच माफी मागतो. पोलिसात शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि आता कायद्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला बसतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परवा वर्गात संरक्षण खरेदी आणि तिचे दर यांचा कायदा सुटसुटीत कसा करता येईल, यावर चर्चा चालली होती. मला मात्र नोकरीत असतानाचं, बेंगळुरूच्या यशवंतपूरचं एक प्रकरण आठवत राहिलं.

ठाण्यात निनावी फोन आला होता. लष्कराचा माल चामराजपेटेत उघड्यावर विकला जातोय, एवढंच सांगून माणसानं फोन ठेवला. आम्ही साध्या वेशात गेलो. स्पेअर पार्टच्या एका दुकानात ट्रकचा पाइप धरणारा लोखंडी क्लॅम्प मिळाला. त्यावर लष्करी पुरवठ्याचा शिक्का होता आणि किंमत लष्कराच्या दरापेक्षा कितीतरी कमी.

तो बनवणारा यशवंतपूरचा, मशीनवर पत्रा दाबून सुटे भाग काढणारा एक लहान प्रेसवाला होता, बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरातला. करारातली अट स्पष्ट होती : सरकारला लावलेल्या दरापेक्षा स्वस्तात तोच माल इतर कुणाला विकायचा नाही. लष्कराच्या खरेदी कार्यालयानं त्याच्यावर लगेच बंदी घातली आणि आमच्याकडे फसवणुकीची तक्रार दिली. त्याचं गिऱ्हाईक ते एकच. बंदी राहिली तर वर्कशॉप बंद.

“अण्णा, हा नग तुमचाच ना?” मी विचारलं.

“माझाच, साहेब.”

“कुणाला विकला? कुणाला दिला?”

“कुणालाच नाही.”

“मग काय, बस पकडून चामराजपेटेला गेला?” आमचे हवालदार म्हणाले.

“स्वल्प विश्वास ठेवा हो,” एवढंच तो म्हणाला.

खोटं बोलणारा सहसा तयारीनं येतो. याच्याकडे सांगायला गोष्टच नव्हती, आणि तेच मला खटकत होतं.

दुसऱ्या दिवशी जप्त क्लॅम्प घेऊन पंचनाम्याला गेलो. वर्कशॉपात देवाच्या फळीवर एक स्प्रिंग, एक पितळी नळ आणि एक दातेरी चाक होतं. सगळ्यांवर वाळलेलं कुंकू.

“तुम्ही नळ कधीपासून बनवता?”

“ते शेजाऱ्यांचं, साहेब. दसऱ्याच्या आयुधपूजेला प्रत्येक जण आपला एकेक नग देवापुढं ठेवतो. मग चुरमुऱ्यांबरोबर एकमेकांना देतो.”

“आणि तुम्ही काय देता?”

त्यानं फळीकडे बघितलं. “क्लॅम्प,” तो हळूच म्हणाला.

“अहो, मग काल का नाही सांगितलंत?”

“प्रसाद दिला म्हणजे माल दिला, असं मनातच आलं नाही.”

मी पंचांसमोर जप्त क्लॅम्पची पिशवी उघडली. क्लॅम्पच्या घडीत जो गंज समजलो होतो, ते कुंकू होतं. शेजारच्या वेल्डरला बोलावलं. तो घाबरतच म्हणाला, “देवाचा म्हणून फेकवेना, सर. मला उपयोग नव्हता, म्हणून स्पेअरवाल्याला देऊन टाकला. चुकलं का?” दुकानदारानंही तेच सांगितलं.

फसवणूक झाली नाही, असा अहवाल मी पाठवला. मला वाटलं, प्रकरण संपलं. पण बंदी उठवणं आमच्या हातात नव्हतं, आणि ती किती दिवसांत उठवायची हे कुठल्याच नियमात मला सापडलं नाही.

वर्गात मी संकोचतच उभा राहिलो. म्हणालो, दराची अट राहू द्या, ती जनतेच्या पैशासाठी आहे. पण बंदी घालण्याआधी माणसाला विचारा, आणि निर्दोष ठरल्यावर ती उठवायला मुदत ठेवा. मुलांनी ऐकून घेतलं. सेवेत मी हे कधी कुणाला लिहून कळवलं नाही. तेव्हा अहवाल पाठवला की काम झालं, असं वाटायचं.

काल त्या प्रेसवाल्याचा फोन आला.

“साहेब, बंदी उठली!”

“अभिनंदन, अण्णा. प्रेस कधी सुरू करताय?”

“प्रेस तर कधीच विकली. ड्रिलचं एक मशीन उरलंय. तरी दसऱ्याला या. या वेळी नुसते चुरमुरे देणार आहे.”