त्या उत्तराला शून्य गुण

"आभाळ अचानक भरून आलं, तर तू काय करशील?" मॅडमनी प्रश्न वाचला. मग माझ्या फाइलमधलं मुलीचं उत्तर वाचलं. "मीठ झाकीन."

वर्ग हसला. मॅडमनी हसू ओसरू दिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीही मिठागरातल्याच ना? मग तुम्ही कशा काय शहाण्या निघालात?"

पुन्हा हशा. आणि मीही हसले. हे सांगताना आजही कान तापतात. अपमान माझा होता आणि मी दात काढून हसत होते.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मुंबईतल्या एका कॉलेजात मी विशेष शिक्षणाची एम.एड. करत होते. वसईच्या खाडीकाठी आमचं गाव, आईबाप मिठागरावर मजूर. गावाजवळच्या पापडी गावातल्या एका छोट्या विशेष शाळेत मी शिकवत होते, तिथून रजा घेऊन शिकत होते. वर्गातल्या बाकीच्या चांगल्या घरच्या. वाईट वागत नसत. मी डबा उघडला की कुणीतरी उठून खिडकी उघडायचं, एवढंच. मी सुकट न्यायची बंद केली. घरची बोलीही तोंडातून काढून टाकली. शहाणी झाले.

पदवीसाठी पाच मुलांच्या बुद्धीची चाचणी घ्यायची, पाच फाइली द्यायच्या. प्रत्येक फाइलवर मॅडमची सही लागायची. सही नाही तर परीक्षेला बसता येत नसे.

पाचवी मुलगी मी आमच्याच बाजूची घेतली. तिला सगुणा म्हणू. नऊ वर्षांची, दुसरीत अडकलेली. तिच्या शाळेच्या हेडमास्तरांनी आपणहून सांगितलं, "बाई, हिला तपासा. मतिमंद आहे असा कागद द्या, म्हणजे मला हिचं नाव कमी करता येईल." थंडी सरता सरता मीठ धरायला लागतं. मग पावसाळा येईपर्यंत सगुणाचं घर मिठागरावरच्या झोपडीत. शाळेत यायची ती सहा महिने. साहेब तपासणीला आले की मास्तरांना ती नडायची.

चाचणीच्या पुस्तिकेत त्या प्रश्नाची बरोबर उत्तरं छापलेली होती. छत्री घेईन. घरात जाईन. दुसरं काही सांगितलं तर शून्य. मी शून्य दिलं. चित्रातला बाथटब बघून सगुणा म्हणाली, होडी. शून्य. हात कुठे अडला नाही. बेरीज केली, तक्ता पाहिला आणि लिहून टाकलं: सौम्य मतिमंद.

वर्गातला तो किस्सा मी घरी आईला गंमत म्हणून सांगितला. माझ्यावरचा टोमणा वगळून. ती वाल सोलत बसली होती. ती हसली नाही.

"मंग चुकीचं काय सांगलं पोरीनं?"

"आये, पुस्तकात छत्री आहे."

"छत्री घेऊन काय करनार? मीठ वाहून गेलं तर खानार काय?" तिनं सोललेले वाल बाजूला केले. "तू सात वर्साची असशील. ढग दिसला का पेंढा घेऊन धावायचीस. तुला कोनी येडी म्हनलं नाय."

मला आठवलं. अवकाळी ढग आला की म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळे मिठाच्या राशी झाकायला पळायचे. एक सर आली की महिन्याची मेहनत खाडीला. त्या पोरीला ढग कळत होता, मिठाचं काय होईल ते कळत होतं, आधी काय करायचं ते कळत होतं. बुद्धी आणखी कशाला म्हणतात? मला लाज वाटली, चोरी उघडी पडल्यावर वाटते तशी. त्या पोरीचं डोकं मी माझ्या हातानं शून्यात काढलं होतं.

मी मिठागरावर गेले. तीन रविवार तिच्याबरोबर राहिले. कुठल्या वाफ्यातलं मीठ आज ओढायचं आणि कुठलं परवा, हे ती पाण्यात बोटं बुडवून सांगायची. टोपल्या तोंडी मोजायची, चुकायची नाही. मी फाइल नव्यानं लिहिली. त्या उत्तरांना पूर्ण गुण दिले, बाजूला कारण लिहिलं. शेवटी लिहिलं: मुलगी मतिमंद नाही. ही चाचणी तिच्यासाठी केलेली नाही.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं.

"गुण बदलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"मॅडम, पुस्तिका लिहिणाऱ्यांनी मिठागर पाहिलेलं नाही."

"म्हणून आता तुम्ही शास्त्र शिकवणार? तुमच्या लोकांना जरा जवळ केलं की हे असं होतं." त्यांनी लाल पेन माझ्यापुढे सरकवलं. "शून्य करा. मी आत्ता सही करते."

परीक्षा पंधरा दिवसांवर होती. मी पेन उचललं. खोटं कशाला सांगू, नोकरी डोळ्यांपुढे आली, बापाचे मिठानं खाल्लेले पाय आले. दोन वर्षं मी ह्याच बाईंना आवडावं म्हणून जगले होते. पेनाला टोपण लावलं.

"नाही करणार."

"वर्ष जाईल."

"जाऊ दे."

वर्ष गेलं. आणि सगुणाचं भलं झालं म्हणाल, तर तेही नाही. मी कागद दिला नाही म्हणून हेडमास्तरांनी गैरहजेरी दाखवून तिचं नाव कापलं. माझ्या ताठ मानेचा तिला कवडीचा उपयोग झाला नाही. ती टोपल्या वाहायला लागली.

शाळा उघडली त्या दिवशी मी तिला हाताला धरून हेडमास्तरांपुढे नेलं.

"कागद आणलात?" त्यांनी विचारलं.

"पोर आणलीय. नाव घाला."

"असं घालता येत नाही, बाई."

सगुणाला मी बाकावर बसवलं, शेजारी मी बसले. नाव चढेपर्यंत इथून हलणार नाही, म्हटलं. आज हाकललंत तर उद्या येईन, येताना तिच्या आईबापाला आणीन, मिठागरावरची सगळी माणसं आणीन. हेही त्यांना सांगितलं, कॉलेजातही नाव पुन्हा घातलंय. हिची तीच फाइल पुन्हा देणार आहे. त्यातला एक आकडाही बदलणार नाही. सही मिळाली तर पदवी घेईन. नाही मिळाली तर त्या पदवीवाचून जगेन, पण आमच्या पोरांना मतिमंद ठरवायला माझा हात कुणाला मिळणार नाही.