आईला वाटलं, मी पळून जातेय

बारावीत असताना एका आठवड्यात मी माझ्या बऱ्याच वस्तू वाटून टाकल्या. नवी ओढणी चुलत बहिणीला, वह्या शेजारच्या मुलीला, पायातले पैंजण मामेबहिणीला. आई बघत होती. पाणी कुठेतरी मुरतंय, एवढं तिला कळलं होतं.

वर्गातल्या एका मुलीवर माझं प्रेम होतं. तिला पाठवलेला मेसेज सगळ्या कॉलेजच्या ग्रुपवर गेला. मग धसईहून मुरबाडला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी कुणी बसेना. पोरी उभ्यानं धक्के खायच्या. "नको बसू गो तिथं, चिकटंल तुला," असं एकीनं मोठ्यानं सांगितलं आणि अख्खी गाडी हसली. आज लिहिताना तिचा सणसणून राग येतो. तेव्हा आला नाही. तेव्हा सगळंच नकोसं झालं आणि मी मरायचं ठरवलं.

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघी भेंडी तोडत होतो. खाज सुटू नये म्हणून आईनं हातात बाबांचे जुने मोजे घातले होते. मान वर न करता तिनं विचारलं,

"पोरगा कुठला हाय?"

"कोण पोरगा?"

"नाटकं नको करू. तुझी मावशी पळाली तवा असंच सगळं वाटून गेली व्हती. आपल्यातला नसला तरी चालंल गो, पन पळू नको. विहारात लगीन लावू. बापाला मी समजावते."

बिचारीनं भाषण पाठ केलं असावं. मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू कोसळलं.

"पोरगा नाय, आई. मला पोरी आवडतात. आन् मी पळत नव्हते, मी मरणार व्हते."

आईनं मोजे काढून फेकले आणि माझं मनगट धरलं. "पोरींचं मला कळत नाय," ती म्हणाली. "मरायचं कळतं. ते नाय व्हायचं."

भेंडी तशीच टाकून ती दुसऱ्या दिवशी मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या समुपदेशक बाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, मीही सगळं सांगितलं. परत आलो तोवर भेंडी जून झाली होती. बाबा चिडले. तरी पुढे कित्येक महिने आई दर सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात येत राहिली. प्राचार्यांशीही ती भांडली. हळूहळू मला भूक लागायला लागली, राग यायला लागला.

गेल्या वर्षी आत्या स्थळ घेऊन आली. मुलगा कसाऱ्याला, रेल्वेत. आईनं चहा दिला, फोटो नीट बघितला. मग माझ्याकडे बघितलं. 'सांग' अशा अर्थानं मी मान हलवली.

"चांगला हाय पोरगा," ती म्हणाली, "पन आमच्या पोरीला पोरी आवडतात."

आत्या गारच पडली. "मंग काय जल्मभर एकटी ऱ्हानार?"

"एकटी कशी? मी हाय. उद्या हिची कोन आली, तर ती बी आमच्यातच जेवंल."

हे ती माझ्याशीसुद्धा कधी बोलली नव्हती. मी चुलीपाशी जाऊन पोटभर रडून घेतलं.