भाऊबीजेला पोचणारा कंदील

आमच्या बाबांनी आत्याला भाऊबीजेला कधी साडी दिली नाही. कंदील दिला. दरवर्षी घरी केलेला, बांबूच्या काड्यांचा, आणि दरवर्षी दिवाळीच्या शेवटच्या दिवशी. सगळ्या गावाचे कंदील वसुबारसेला लागायचे आणि आत्याच्या ओटीवरचा भाऊबीजेच्या संध्याकाळी. म्हणजे पाहुणे उठून गेल्यावर पान वाढल्यासारखं.

"अवो, चार दिस आदी नेऊन द्या ना तिला," आई दरवर्षी म्हणायची.

"ओवालायच्या आदी ओवालनी देतात काय?" बाबा दरवर्षी विचारायचे.

यावर आई भांडी जरा जोरात आपटायची, तेवढंच.

ऐंशी सालाच्या आसपासची ही गोष्ट. आम्ही खाडीकाठच्या सारसोळे गावात राहायचो. बाबा पावण्याच्या एका कारखान्यात कामाला होते आणि त्यांची मोठी बहीण, म्हणजे आमची आत्या, करावे गावात दिलेली. साडीऐवजी कंदील हे खूळ मुळात तिचंच. लग्नाआधी दोघं भावंडं मिळून घरचा कंदील करायची. लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला तिने सांगितलं, "मना साडी नको. सासरी ढीग हाय. तू कंदील आन." बोलून गेली बिचारी. पुढे आयुष्यभर आम्ही ते निस्तरत बसलो.

आम्ही म्हणजे आई आणि मी. बाबा 'मी कंदील करतो' म्हणायचे, पण त्यात त्यांचं काम किती? कारखान्यात माल बांबूच्या टोपल्यांतून यायचा. मोडक्या टोपल्या ते मागून घरी आणायचे, काड्या तासायचे, दोऱ्याने बांधून चांदणीचा सांगाडा उभा करायचे आणि मग हात झटकून पडवीत बसायचे, हुकूम सोडायला. खळ शिजवायची आईने. तीही चहाच्या पातेल्यात, कारण बाबांच्या मते त्या पातेल्याच्या बुडाला खळ लागत नाही. खळीत मोरचूद घातल्याशिवाय उंदीर कंदिलाला सोडत नाहीत, आणि मोरचूद म्हणजे विष. म्हणून ते पातेलं पुढे कितीतरी दिवस आई राखेने घासायची आणि तरीही त्यातला चहा आमच्यापैकी कुणाच्या घशाखाली उतरायचा नाही.

माझ्याकडे झिरमिळ्या. कागदाच्या पट्ट्या कापायच्या, सारख्या लांबीच्या, आणि खालच्या टोकांना चिकटवायच्या. ऐकायला सोपं वाटतं. कात्री आमच्याकडे एकच, ती सुपारीपासून नायलॉनच्या दोरीपर्यंत सगळं कापून बोथट झालेली. पतंगाचा कागद खळीने भिजला की हातातच फाटायचा. माझ्या मैत्रिणी बाहेर किल्ला करायच्या आणि मी कोपर्‍यात बसून बोटांची साल काढायची. आमच्या स्वतःच्या दारात काय लागायचं? उरलेल्या तुकड्यांचा, ठिगळं लावलेला, कुबडा कंदील. चांगला तो आत्याचा.

बरं, एवढं करून कौतुक असावं की नाही? आत्या बाबांना ओवाळायची, साखर भरवायची, मग कंदील उचलून ओटीवरच्या बल्बखाली धरायची आणि एक डोळा बारीक करून बघायची.

"यो कोपरा बग, कसा लोंबतंय," ती म्हणायची. "आनि झिरमिल्या कोनी लावल्या? हिनं? तरीच."

मला वाटायचं, हा कंदील हिच्या डोक्यात घालावा. बाबा मात्र मान खाली घालून हसत असायचे. परत येताना अख्खी वाट त्यांचं तेच चालायचं, बायला बरोबर दिसला कोपरा, बायच्या नजरेतून काही सुटत नाही. बाबा तिला बाय म्हणायचे. मी मागून पाय आपटत चालायचे.

आत्या सगळ्यांनाच बोलायची. आईची आमटी खारट, बाबांचे केस वाढलेले, माझी वेणी तिरकी, सासर्‍यांनी विणलेली जाळी सैल. तिच्या घरी जाऊन काही ऐकून न घेता परत आलेला माणूस माझ्या माहितीत नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात आतोबा गेले. आत्याचा नवरा. आजारी माणूस नव्हता, तापाचं निमित्त झालं आणि गेला. त्यानंतर आत्या बोलायची थांबली. मुकी झाली असं नाही. 'हो' म्हणायची, 'नाय' म्हणायची, 'चा घे' म्हणायची. बाबा दर सुट्टीला चालत कराव्याला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. आई दारातच विचारायची.

"जेवली?"

"जेवली."

"काय बोलली?"

"चा घे बोलली."

मग बाबा हातपाय धुवायला जायचे आणि खूप वेळ पाणी ओतत राहायचे. एकदा आई स्वतः कालवण करून घेऊन गेली. घाईत मीठ दोनदा पडलं होतं, आम्हाला इथेच कळलं होतं. आत्याने ते निमूट खाल्लं, ताट धुऊन ठेवलं. त्या दिवशी आई घाबरली. घरी येऊन म्हणाली, "काय खरं नाय हो तुमच्या बायचं."

दिवाळी आली. दुखवट्याच्या घरात सण नसतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तळण नाही, रांगोळी नाही, ओवाळणं नाही, दारात कंदील तर नाहीच. नातेवाइकांनी आपल्या घरचा फराळ नेऊन द्यायचा आणि पोरांना खाऊ घालायचा, एवढंच. मला वाईट वाटलं ते खरं, पण खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं. या वर्षी किल्ला करायचा असं मी ठरवूनही टाकलं.

आणि बाबा मोडक्या टोपल्या घेऊन घरी आले.

"कोनासाटी?" आईने विचारलं.

"बायसाटी."

"तिचे सासरे दारात उबं करतील काय? घरचा कर्ता पोर गेलाय त्यांचा."

"म्हनून तं पांडरा आनलाय," बाबा म्हणाले आणि पिशवीतून कागद काढला. पांढरा. नुसता पांढरा, एकही रंगीत ताव नाही. रंगीत नेला तर सण केल्यासारखं होईल, पांढर्‍याला कोण काय म्हणणार, हा त्यांचा हिशेब.

मी चिडले. "बाबा, पांडरा कंदील कोन लावतं?"

"तू झिरमिल्या काप."

कापल्या. पांढर्‍या कागदावर खळीचा डाग दिसतो, बोटाचा मळ दिसतो, सगळं दिसतं. तीनदा हात धुवायचे आणि मग कागदाला लावायचे. आई खळ ढवळताना पळी पातेल्याच्या काठावर आपटत होती. जो कंदील लागणारच नाही त्याच्यासाठी माझी अर्धी सुट्टी गेली. मी दातओठ खात चिकटवत होते, त्यामुळे एक झिरमिळी लांब झाली, एक आखूड. म्हटलं, बघणार कोण आहे?

भाऊबीजेला दुपारी बाबा आणि मी निघालो. बाबांच्या हातात फराळाचा डबा, माझ्या हातात कंदील, कारण डबा जड आणि कंदील 'हलका'. खाडीवरून वारा सुटला की त्या हलक्या वस्तूला दोन्ही हातांनी मिठी मारून चालावं लागतं. रस्ता अर्धा खडीचा, अर्धा मिठागराच्या बांधाचा. "कागद सांभाल," बाबा मागे वळून वळून सांगत होते. मी काय सांभाळत होते मग?

आत्याचे सासरे ओटीवर जाळं शिवत बसले होते. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि सुई थांबवली.

"या साली ओवालनी नाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "कंदील पन नाय."

"बरोबर हाय, मामा," बाबा म्हणाले आणि खाली बसले. आत्या चहा घेऊन आली. कंदिलाकडे तिने बघितलंच नाही. बाबांनी चहा संपवला, कप बाजूला ठेवला.

"मामा, दिवाली आज सपते ना?"

"सपते."

"उद्या ओटीवर बत्ती लावाल का नाय?"

"बत्ती तं रोजच लागते. अंदारात कोन बसतंय?"

"मंग त्याच बत्तीवर उद्या यो कागद लावा. उद्या दिवाली नाय. यो दिवालीचा कंदील नाय."

म्हातार्‍यांनी पुन्हा सुई चालवायला घेतली. बरंच जाळं शिवून झालं. इतकी वर्षं ज्या उशिरावरून आमच्या घरात भांडणं झाली, त्या उशिराचाच बाबांनी असा उपयोग करावा, याचाही मला तेव्हा रागच आला.

"उद्या लावा," म्हातारे म्हणाले. "आज नाय."

आत्याच्या मुलीने हट्ट धरला म्हणून बाबांनी मला तिथेच ठेवलं. दुसर्‍या दिवशी दिवेलागणीला म्हातार्‍यांनी स्वतःच मला हाक मारली. मी स्टुलावर चढून कंदील बल्बावर बसवला आणि बटण दाबलं. गल्लीतले बाकीचे कंदील चार दिवसांत वार्‍याने फाटून लोंबत होते. हा नवाकोरा, दुधासारखा. मुलं गोळा झाली.

आत्या दारात आली. वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिचा एक डोळा बारीक झाला.

"पांडरा कोनी केला?"

"बाबांनी आनला कागद," मी म्हणाले.

"सारसोल्यात लाल कागद मिलत नाय काय? त्याला अक्कल कवा व्हती? माज्या कपालाला पांडरं, आनि दाराला पन पांडरं?" ती पुढे आली. "आनि या झिरमिल्या? एक लांब, एक आकूड. कोनी लावल्या, तू? तरीच. उतरव त्याला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुट्टी माझी गेली, बोटं माझी सोलली, वार्‍यात मिठी मारून मी आणला, आणि वर हे? पण ती ऐकेल तर आत्या कसली. मुलीला दुकानात पिटाळलं, लाल कागद मागवला, चुलीवर खळ ठेवली. मी केलेल्या झिरमिळ्या तिने एकेक करून ओरबाडून काढल्या. मी म्हातार्‍यांकडे बघितलं. ते आता तरी अडवतील, लाल म्हणजे सणच झाला की. त्यांनी जाळ्यातून मान वर केली, लाल कागदाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं.

"मोरचूद टाक गो," ते म्हणाले, "नायतं उंदीर खातील."

घरी परतले तेव्हा बाबा दारातच उभे होते. माझा राग अजून उतरला नव्हता. उंबर्‍यावरच सगळं ओकून टाकलं. तुमचा कंदील बिघडवला तिने, सगळ्या झिरमिळ्या फाडल्या, तुम्हाला अक्कल नाही म्हणाली, मला 'तरीच' म्हणाली. पुन्हा म्हणून मी हे काम करणार नाही, सांगून ठेवते.

बाबा खाली बसले. आई आतून हात पुसत बाहेर आली आणि तिथेच थांबली.

"अजून काय बोलली?" बाबांनी विचारलं.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, जास्तच चिडून. आत्याचा तो बारीक डोळासुद्धा करून दाखवला. बाबांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"अजून?" ते म्हणाले. "अजून काय बोलली?"